मेलेल्याने हसायचं असतं

भिंतीत एक रिकामा खिळा. त्याच्याखाली चौकोनी जागा, बाकीच्या भिंतीपेक्षा गोरी.

डॉक्टर दखनीत बोलला. "चचा, जो खाने कू दिल बोलता, खालो." त्यामुळे ते ऐकताना कमी लागलं. घरी आल्यावर लागलं.

तुळशीची कुंडी खालच्या मजल्यावरून उसनी आलेली. दिवेलागणीच्या आत परत हवी.

कपाटाची किल्ली मुलाच्या खिशात.

"थुंकू नका. बाकी काहीही करा, आप्पा, थुंकू नका."

लिफ्टशेजारच्या पाटीवर, चौथ्या मजल्यापुढे: बी. भूषण.

मल्लेशने आजवर एकही प्रेत हसवल्याशिवाय उठू दिलेलं नाही.

*

आता खोली.

विद्यानगर, चौथा मजला, मागची खोली. पलंगावर संभाजी सोनकांबळे, पोटात गाठ, उशाशी दोन मोठे लाइट. तो मरतोय, आणि आज त्याला मरायचंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डॉक्टरने सांगितली, दुसरी रितेशने.

रितेश म्हणजे खालच्या सत्यवतीबाईंचा नातू. राहतो बरकतपुऱ्यात, बापाचं नळ-पाइपांचं दुकान, आणि हा सिनेमा काढतोय. मराठी सिनेमा, हैदराबादेत. गावाकडचा एक म्हातारा पाटील शहरात मुलाच्या फ्लॅटवर येतो आणि मरतो. मधल्या काळात तो खिडकीतून बाहेर बघतो. बस्स, गोष्ट एवढीच. ज्या नटाला पाटील करायचा होता त्याच्या बायकोने मरणाचा सीन आहे कळल्यावर नवऱ्याला घराबाहेरच पडू दिलं नाही. तेव्हा सत्यवतीबाई म्हणाल्या, "अरे, वर भूषणजींचे वडील आहेत की. जुने नाटकवाले आहेत म्हणे. आणि तसंही आता..."

तसंही आता.

संभाजीने लगेच हो म्हटलं. सून दीपमाला बघतच राहिली.

"मामा, झेपेल का तुम्हाला?"

"मरायला काय झेपायचं? पडून राहायचं."

तरुणपणी तो नांदेडकडच्या गावांत आंबेडकरी जलशात उभा राहिला होता. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, पोत्यांच्या पडद्यापुढे. त्याच्या वाट्याला नेहमी उलट प्रश्न विचारणारा गडी यायचा. मरायची भूमिका कधी आली नव्हती. पुढे हैदराबाद, वीज खात्यातली नोकरी, अंबरपेठेतल्या दोन खोल्या, आणि मुलाचं नाव बुद्धभूषण. ते नाव त्याने मुलाला दिलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते.

त्याच मुलाने बँकेत लागल्यावर विद्यानगरात फ्लॅट घेतला आणि पाटीवर नाव लिहिताना अर्धं लिहिलं. सोसायटीत तो भूषणजी. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शोकेसमध्ये, कारंज्याशेजारी. तिच्यावरून कुणाला काही कळत नाही. बाबासाहेबांचा फोटो मागच्या खोलीत, बापाच्या भिंतीवर. हा विषय सोसायटीत कधी निघाला नाही. निघाला नाही म्हणजे नाहीच, असं बुद्धभूषण धरून चालला होता.

आणि संभाजी लिफ्टचं दार उघडलं की पहिल्यांदा मोठ्याने हाक मारायचा. "बुद्धभूषण! ए बुद्धभूषण!"

चारही मजल्यांना ऐकू जाईल अशी.

*

खिळ्याची गोष्ट सकाळची.

रितेशने फोटो उतरवला. काच फुटेल म्हणून जपून नाही, काचेत काय आहे ते आपण बघितलंच नाही अशा बेताने उतरवला.

"आजोबा, फ्रेममध्ये येतोय. आपला कॅरेक्टर पाटील आहे ना."

"तुझा असेल. माझा नाही."

"हौ, माझा. म्हणून तर." रितेश हसला. त्याच्या हातात संवादाचे कागद होते. मराठी संवाद, सगळे इंग्रजी अक्षरांत. त्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो. संभाजीने कागद घेऊन डोळ्यांशी धरला होता आणि परत दिला होता. "एवढं मरण लिहिलंस बाबा, पण मला वाचता येईना. तूच वाच. मी तसं मरतो."

फोटो बुद्धभूषणच्या हातात आला.

"कपाटात ठेव," संभाजी म्हणाला.

"कपाट भरलंय."

"उघड. मी जागा करून देतो."

"नाही उघडत म्हटलं ना."

"काहून?"

"आप्पा, लोक आहेत."

लोक म्हणजे रितेश, कॅमेऱ्यावरचा एक अबोल माणूस, लाइटवाला मल्लेश आणि नऊवारी नेसून पाटलीण झालेल्या सत्यवतीबाई. सिनेमातली बायको त्याच करणार होत्या. आपलं लुगडं, आपली नथ, आपली कुंडी.

"कपाटात काय दडवलंस? भटाचं सामान आणून ठेवलंस का आतापासूनच?"

बुद्धभूषणचा चेहरा असा झाला की दीपमालाने मध्ये पडून फोटो घेतला, स्वतःच्या ओढणीत गुंडाळला आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवला. बुद्धभूषणने कपाटाची किल्ली कुलपातून काढली, खिशात टाकली.

भिंतीवर बैलजोडीचं कॅलेंडर लागलं. खिळा जरा बाजूला पडला, म्हणून नवा ठोकला. जुना तसाच राहिला.

*

सखूची गोष्ट चार वर्षांमागची. ती सांगितल्याशिवाय पुढचं लागत नाही.

सखू, संभाजीची बायको, याच घरात गेली. पुढच्या हॉलमध्ये. संभाजी तेव्हा अंबरपेठेत होता, बौद्धाचार्यांना घेऊन यायला गेला होता, कारण तिने सकाळीच पाणी नको म्हटलं होतं आणि त्याला ते समजलं होतं. परत आला तेव्हा ती गेलेली. भोवती सोसायटीतल्या बायका. तिच्या ओठांत तुळशीचं पान. हनुवटीवरून गंगाजलाचा ओघळ.

सत्यवतीबाईंनी ठेवलं होतं. चांगल्या मनानेच ठेवलं असणार. त्या बाटली घेऊन धावत वर आल्या होत्या.

बुद्धभूषण समोर उभा होता. त्याने नको म्हटलं नाही.

संभाजीने बोट घालून ते पान काढलं. बायकांना वाटलं, म्हातारा दुःखाने वेडावला. कुणीतरी त्याचा हात धरला.

संध्याकाळी स्मशानात बौद्धाचार्य त्रिसरण म्हणायला उभे राहिले. सोसायटीचे पाच-सात जण हात जोडून मागे. तेव्हा बुद्धभूषण पुढे झाला आणि बौद्धाचार्यांच्या कानाशी लागला. काय म्हणाला ते संभाजीला ऐकू आलं.

"जरा हळू म्हणा."

त्यांनी हळू म्हटलं.

बेचाळीस वर्षं संसार केलेली बाई कुजबुजत गेली.

तर संभाजीला गाठीचं भय नाही. डॉक्टर बोलला तेव्हा तो पायऱ्या उतरून खाली आला आणि टपरीवर चहा घेतला. त्याला एवढंच कळून घ्यायचं आहे की आपल्यालाही हळू नेणार का. विचारायचं म्हटलं की मुलगा उठून जातो. "आप्पा, असलं काय बोलायलात." आणि उठतो.

*

मल्लेश, सकाळी, वायर सोडवताना, आजोबांना तेलुगूत हाक मारत:

"तातगारू, मरने का शॉट है ना आज. उसके बाद कॅमेरे में देख के हसना."

"कशाला?"

"रिवाज है जी. मरा तो उठ के हसना. नहीं तो वो शॉट सच्चा हो जाता. बडे बडे हिरो लोगां हसते."

"असल्या गोष्टी आम्ही सोडल्या."

"आप छोडे होंगे. लाइट मेरा है."

"आणि नाही हसलो तर?"

"तो लाइट नहीं बुझाता मैं. ऐसे ही जलते रहता."

"किती वेळ?"

मल्लेशने वायरचं वेटोळं खांद्यावर टाकलं. "जब तक नहीं हसते तब तक. पॅकअप नहीं, कॅमेरा बंद नहीं, घर नहीं."

"कुणालाच घर नाही?"

"किसी कू बी नहीं."

संभाजीने मान हलवली. थोड्या वेळाने त्याने मल्लेशला परत बोलावलं आणि तेच सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं.

*

टेक एक.

पाटील डोळे मिटतो. पाटलीण कुंडीतलं पान खुडते, पाण्यात बुडवते, त्याच्या ओठांत ठेवते. पाटलाने ते घ्यायचं आणि मान टाकायची.

संभाजीने ते थुंकलं. सत्यवतीबाईंच्या नथीपर्यंत गेलं.

"अय्यो!" मल्लेश.

"आजोबा! काय झालं?"

"कडू लागलं."

"तुळस कडू नसते हो," सत्यवतीबाई नथ पुसत म्हणाल्या.

"तुमच्यात नसेल."

बुद्धभूषण दारात होता. तो आत आला, पलंगाशी वाकला, दातांतून बोलला. "थुंकू नका. बाकी काहीही करा, आप्पा, थुंकू नका. ॲक्टिंग आहे. एक पान आहे."

"तुझ्या आईच्या तोंडातलंही एकच होतं."

बुद्धभूषण सरळ झाला. सगळ्यांकडे बघून हसला, बँकेत हसतो तसा.

टेक दोन.

पान ओठांपर्यंत आलं. ओठ उघडले, दात नाही.

"आजोबा, मेलेला माणूस दात दाबून नाही धरत," रितेश काकुळतीला आला. "लाइट चाललाय हो बाहेरचा. तो खिडकीतला लाइट, तो पिवळा, तो गेला की गेला."

"मी म्हणते दुसरं कुणी बघ," सत्यवतीबाई म्हणाल्या. "यांना काय कळायचं यातलं."

"कशातलं?" संभाजी. डोळे मिटलेलेच.

"मरणातलं हो."

"माझं दोन-तीन महिन्यांत कळेल की. तुमचं तुम्ही बघा."

दीपमाला दाराआड तोंडावर हात धरून उभी होती. हसत होती की काय ते कळत नव्हतं.

"आप्पा," बुद्धभूषण म्हणाला, "तुम्हाला नसेल करायचं तर नाही म्हणा आणि सोडा. पण लोकांचा दिवस घालवू नका. त्या मोठ्या आहेत. मागच्या वेळी धावून आल्या होत्या. त्या आल्या, तुमच्या अंबरपेठेतून कोण आलं होतं?"

"मी आणायला गेलो होतो."

"तुम्ही आणेपर्यंत ती गेली."

कॅमेऱ्यावरचा माणूस भिंग पुसू लागला.

"चल," संभाजी रितेशला म्हणाला. "घे. आता बरोबर मरतो."

टेक तीन.

(हा टेक ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. मल्लेश तर अंबरपेठेत जो भेटेल त्याला सांगतो.)

संभाजीने खिडकीकडे बघितलं. बघता बघता त्या बघण्यातून एकेक गोष्ट कमी होत गेली: आधी झाड, मग समोरची बिल्डिंग, मग काच. पान आलं. त्याने ते घेतलं. तान्हं बाळ बोंडलं घेतं तसं, सगळं विसरून. घशाची घाटी एकदा वर गेली. खाली आली नाही. चादरीवरचा हात वळला आणि तळवा वर झाला.

सत्यवतीबाईंचा संवाद होता, तो त्या विसरल्या. त्या रडल्या. नथ लटकली आणि त्या खऱ्याच रडल्या. त्यांचाही नवरा असाच गेला असणार, कुणाला माहीत.

"कट," रितेश म्हणाला, पण आवाज फुटला नाही. मग पुन्हा, "कट! कट! आजोबा, बाप रे, आजोबा!"

टाळ्या.

"उठो तातगारू," मल्लेश. "कॅमेरा चालू रखो साब. अब हसो."

संभाजी उठला नाही.

*

"तातगारू."

"आजोबा?"

"अहो संभाजीराव."

"मामा!" दीपमाला धावली, तिने त्याच्या नाकाशी बोट धरलं. बुद्धभूषण दारातून पलंगापर्यंत कसा आला ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले.

"आप्पा. आप्पा!"

"हलवू नको," संभाजी डोळे न उघडता म्हणाला. "जिवंत आहे. हसणार नाही."

बुद्धभूषणने हात काढून घेतले, भाजल्यासारखे.

"काय चेष्टा आहे ही?"

"मल्लेश, लाइट बंद करणार का तू?"

"नहीं करता जी."

"कॅमेरा?"

"वो बी नहीं. आप हसो पहले."

"ऐकलंत? आता माझं ऐका. तो कॅमेरा बुद्धभूषणकडे फिरवा. त्याने सांगायचं. मी मेल्यावर मला कसा नेणार. सगळ्यांदेखत सांगायचं. मग हसतो."

"आप्पा, आत चला. आपण आत बोलू."

"मी आतच आहे. आतल्या खोलीतच ठेवलंय तू मला."

रितेश एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. "भूषण अंकल, सांगून टाका ना. एक मिनिटाचं काम आहे. मल्लेशभाई नाही ऐकणार, मी ओळखतो त्याला."

"ही घरातली गोष्ट आहे," बुद्धभूषण म्हणाला.

"मग घरातच म्हण की. चार वर्षांत घरात तरी कधी म्हटलास?"

"तुम्ही अंधश्रद्धा मानत नाही ना? आयुष्यभर आम्हाला तेच शिकवलंत. आणि आज त्याच्याच जोरावर मला धरायलात?"

"जे हाताला लागेल त्याने मारतो. माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही."

हे बोलताना संभाजीच्या गालात ते पान होतं. शब्द थोडे फुगून येत होते. लाइटच्या उष्णतेने खोली तापली होती, त्याच्या कपाळावरचा रंग ओघळून उशीला लागला होता. पोटात दुखत असणार. तो पाय जवळ घ्यायचा आणि मग मेलेल्याचे पाय असे नसतात हे आठवून सरळ करायचा.

"तुम्ही नाव दिलंत," बुद्धभूषण म्हणाला. आवाज अजून खालीच होता. "पेढे वाटलेत. पण ते नाव घेऊन शाळेत मी जायचो, तुम्ही नाही. मास्तर हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबायचा. रोज. थांबायचा, चष्म्यावरून बघायचा, मग पुढचं नाव. घरी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, मोठ्याने हजर म्हण. मी मोठ्याने म्हटलं, आप्पा. दहा वर्षं मोठ्याने म्हटलं. आता मला हळू बोलायचंय. एवढं पण नाही का?"

"तुझं तू हळू बोल. मला हळू का नेतोस?"

"कोण म्हटलं नेतो म्हणून?"

"सखूला नेलंस."

"आईला..." तो थांबला.

"बोल."

"आईला नेलं तेव्हा मागे ते सात जण उभे होते आणि मला उद्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर जायचं होतं!" आता मात्र तो ओरडला. चारही मजल्यांना. "तुम्हाला काय कळणार! तुम्हाला अंबरपेठ होती. गल्ली होती. जयंतीला ढोल होते. मला लिफ्ट आहे! चार बाय चारची लिफ्ट!"

मल्लेशने एक लाइट जरासा फिरवला. कॅमेऱ्यावरच्या अबोल माणसाने, कुणीही न सांगता, कॅमेरा बुद्धभूषणकडे वळवला. लाल ठिपका चालू होता.

बुद्धभूषणने ठिपका बघितला. सत्यवतीबाईंकडे बघितलं. त्या पदराने डोळे पुसून पलंगाच्या कडेवर ताठ बसल्या होत्या, पाटलीणच.

"भट नाही," तो म्हणाला. शिव्या द्याव्यात तसा. "तुळस नाही, गंगाजल नाही, तोंडात काही नाही. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. पांढरं कापड. अंबरपेठेहून बौद्धाचार्य येतील आणि त्रिसरण म्हणतील. मोठ्याने. इतकं मोठ्याने की खाली वॉचमनला ऐकू जाईल. झालं? अजून काय पाहिजे?"

"नाव."

"आप्पा."

"कोण बोलतंय ते नको कळायला?"

"बुद्धभूषण संभाजी सोनकांबळे."

"हजर," संभाजी म्हणाला.

ते त्याला म्हणायचं नव्हतं बहुतेक. तोंडातून गेलं. बुद्धभूषण असा बघत राहिला की त्याने हात उगारला असता तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

"तातगारू," मल्लेश हळूच म्हणाला, "अब तो हसो."

संभाजी कोपरावर उठला. गालातलं पान बोटाने काढलं, चादरीला पुसलं. कॅमेरा परत त्याच्याकडे आला. त्याने तोंड उघडलं. हसू काही आलं नाही, कळ आली. ओठ मागे ओढले गेले, वरचे तीन आणि खालचे सगळे दात दिसले, मानेच्या शिरा दिसल्या. तो तसाच काचेत बघत राहिला.

रितेश मल्लेशकडे बघू लागला.

"चलता," मल्लेश म्हणाला. "दात दिखे ना. चलता." आणि लाइट विझवले.

*

अंधारलं नव्हतं, पण लाइटनंतर सगळं अंधारल्यासारखंच वाटलं.

सत्यवतीबाईंनी कुंडी उचलली. लुगड्याचा ओचा सावरत दारापर्यंत गेल्या, तिथे वळल्या.

"भूषणजी, एवढं ओरडायचं काय कारण होतं? आम्हाला काय माहीत नव्हतं होय? तुम्ही राहायला आलात त्या दिवसापासून माहीत आहे. आम्ही कधी काही बोललो का?"

"नाही," बुद्धभूषण म्हणाला.

"म्हणूनच आमच्यात कधी चहा घेतला नाही का?" पलंगावरून संभाजीने विचारलं.

"मला शुगर आहे."

"बिनसाखरेचा घ्या. दीपमाला, ठेव गं."

"आता दिवा लावायचाय," सत्यवतीबाई म्हणाल्या. त्या लिफ्टने गेल्या नाहीत. कुंडी घेऊन जिन्याने उतरताना त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

रितेश वायरी गोळा करता करता रेंगाळला. "आजोबा, एक विचारू? तो अंकलचा पार्ट, म्हणजे ते सगळं बोलले तो. मी ठेवू का पिक्चरमध्ये? पाटलाचा मुलगा तसं बोलू शकतो ना? थोडं बदलून?"

"काढून टाक," बुद्धभूषण म्हणाला.

"ठेव," संभाजी म्हणाला. "बदलू मात्र नको. बदललंस तर मेल्यावर येऊन थुंकेन."

रितेशने दोघांचंही ऐकल्यासारखी मान हलवली आणि निघून गेला. मल्लेशने जाताना संभाजीच्या पायांना हात लावला. बुद्धभूषणकडे त्याने बघितलंही नाही.

मग घरात तिघंच राहिली.

दीपमालाने बाल्कनीतून फोटो आणला, ओढणीनेच काच पुसली. बुद्धभूषणने बैलजोडीचं कॅलेंडर ओढून काढलं, फाटलं तर फाटू दिलं. फोटो जुन्या खिळ्यावर लावायला गेला तर खिळा हलत होता. त्याने स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि ठोकला. गरजेपेक्षा जास्त ठोकला. भिंतीपलीकडून शेजारच्या कुणीतरी उलट ठोकून दाखवलं.

"वाकडा आहे," संभाजी म्हणाला.

"असू दे."

"डाव्या अंगाला घे."

"असू दे म्हटलं ना!"

बत्ता पलंगावर टाकून तो बाहेर गेला. हॉलमध्ये टीव्ही लागला, फार मोठ्याने. दीपमाला चहा घेऊन आली. संभाजीने दोन घोट घेतले, तिसरा जाईना. कप तिच्या हातात देताना त्याने कपाटाकडे बघितलं.

"काय आहे त्यात? तुला तरी माहीत आहे का?"

"मला काय माहीत, मामा," दीपमाला म्हणाली आणि रंग लागलेली उशी बदलायला घेतली.

"किल्ली अजून खिशातच ठेवली आहे त्याने. एवढं बोलला तरी. कॅमेऱ्यापुढे बोलला, माझ्यापुढे नाही. ते काही खरं नाही." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "सखूला हळू नेलं. मलाही हळूच नेईल बघ."

दीपमालाने अभ्रा झटकला. नवऱ्याने तिला शपथ घातली होती. जिवंत माणसाला असली गोष्ट दाखवत नसतात, एवढं एकच तो म्हणाला होता.

डॉक्टरकडे जाऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, उन्हाळ्यात, बुद्धभूषण बँकेतून लवकर निघून अंबरपेठेला गेला होता आणि तिथल्या एका दुकानातून बापाच्या मापाचं पांढरं कापड घेऊन आला होता.